घानाच्या झेंड्यावरचा काळा तारा

नमस्कार मंडळी! आज आपण घानाच्या झेंड्याबद्दल बोलूया. फुटबॉल बघणाऱ्यांना घाना म्हटलं की ब्लॅक स्टार्स आठवतात, त्यांच्या टीमला तेच म्हणतात, आणि ते नाव आलंय झेंड्यावरच्या काळ्या ताऱ्यावरून. वर लाल, मध्ये सोनेरी, खाली हिरवा, आपल्या तिरंग्यासारखेच तीन आडवे पट्टे, आणि मधोमध पाच टोकांचा तो तारा.

लाल म्हणजे स्वातंत्र्यासाठी सांडलेलं रक्त. आता हे आपण इतक्या देशांच्या झेंड्यांबद्दल ऐकलेलं असतं की कानावरून निघून जातं, पण घानाच्या या रक्ताला तारीख आहे बघा. 28 फेब्रुवारी 1948. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या बाजूने पार ब्रह्मदेशापर्यंत जाऊन लढलेले सैनिक घरी परतले होते, कबूल केलेली पेन्शन नाही, नोकरी नाही, म्हणून ते अर्ज घेऊन अक्रा शहरात गव्हर्नरकडे निघाले, हातात शस्त्र नाही काही नाही, आणि वाटेत पोलिसांनी गोळ्या घातल्या. सार्जंट अजेटी, कॉर्पोरल अटिपो आणि प्रायव्हेट ओडार्टे लँप्टे, तिघं जागीच गेले. साहेबासाठी लढून जिवंत परत आले आणि स्वतःच्या गावात साहेबाच्याच हुकमाने मेले, मला तर हे सांगतानाही गलबलून येतं.

सोनेरी पट्टा सोन्याचा. या भागाला इंग्रज गोल्ड कोस्टच म्हणायचे, ओबुआसीच्या खाणी आजही चालू आहेत. हिरवा म्हणजे जंगल आणि शेती, आणि तिथे शेती म्हटलं की पहिला कोको, आपण खातो त्या चॉकलेटचा.

आणि तारा? मार्कस गार्वी नावाचे जमैकाचे एक पुढारी होते, त्यांनी 1919 मध्ये काळ्या लोकांच्या मालकीची जहाज कंपनी काढली, ब्लॅक स्टार लाइन, तिथून हा तारा आला. आफ्रिकेच्या स्वातंत्र्याची खूण. तिन्ही रंग इथिओपियाचे, कारण 1896 मध्ये अडवाच्या लढाईत इटलीला हरवून तो देश ताठ उभा राहिला होता.

6 मार्च 1957 ला घाना स्वतंत्र झाला आणि हा झेंडा वर चढला. मध्येच 1964 मध्ये स्वतंत्र घानाचे पहिले नेते क्वामे एन्क्रुमा यांच्या सरकारने सोनेरी काढून पांढरा पट्टा घातला, का तर त्यांच्या पक्षाचे रंग लाल पांढरा हिरवा! एन्क्रुमा मोठे नेते, त्यांच्याबद्दल मला आदर आहेच, पण हे चुकलंच त्यांचं, झेंडा पक्षाचा कसा होईल? 1966 मध्ये त्यांची सत्ता गेली आणि सोनेरी पट्टा परत आला.

हे डिझाइन कोणी केलं माहितीये? एका शिक्षिकेने, थिओडोसिया ओको यांनी. त्या चित्रकार होत्या आणि हॉकीचं प्रचंड वेड, देशात हॉकी रुजावी म्हणून त्या वर्षानुवर्षं झटल्या. 2015 मध्ये त्या गेल्या. अक्रात हॉकीचं स्टेडियम आहे ना, त्याला त्यांचंच नाव दिलंय.