शनीची कडी कशी काढावी

(बेळगावातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, नमस्कार. पडद्यावर दोन चित्रं लावली आहेत. दोन्हींत शनी आहे. डावीकडचं चित्र एप्रिल 1926चं, ‘अमेझिंग स्टोरीज’ या अमेरिकन मासिकाच्या पहिल्याच अंकाचं मुखपृष्ठ. पिवळंधमक आभाळ, त्यात भला मोठा शनी, खाली बर्फावर घसरत खेळणारी माणसं. ज्यूल व्हर्नच्या धूमकेतूच्या गोष्टीसाठी फ्रँक पॉल यांनी ते काढलं. उजवीकडचं 1944चं, ‘लाइफ’ साप्ताहिकातलं. चेस्ली बोनस्टेल यांचं. शनीच्या टायटन नावाच्या चंद्रावर उभं राहिलं तर आभाळात काय दिसेल, त्याचं हे चित्र.

आता कडी बघा. पॉलच्या चित्रात ती डौलात फाकलेली आहेत. बोनस्टेलच्या चित्रात कड्यांची नुसती एक बारीक रेघ आहे. एवढी कड्यांसाठी प्रसिद्ध असलेली स्वारी, आणि या गृहस्थानं तिची कडीच रेघेत संपवली! पण बरोबर बोनस्टेलच आहे. शनीची कडी ज्या पातळीत फिरतात, जवळजवळ त्याच पातळीत टायटनही फिरतो. म्हणजे टायटनवरचा माणूस कड्यांकडे कायम काठावरून बघणार. त्याला ती कधी उघडी दिसायचीच नाहीत.

हात सरळ पुढे करा आणि तीन बोटं जोडून धरा. टायटनवरून शनी साधारण त्याहून किंचित मोठा दिसेल, आपल्या पौर्णिमेच्या चंद्राच्या अकरा पट रुंद. मिमास नावाचा चंद्र शनीच्या फार जवळ आहे. तिथून तो जवळपास दोन वितींएवढा होतो, पण कडी पुन्हा रेघच. कडी उघडी बघायची तर आयापेटस नावाच्या लांबच्या चंद्रावर जावं लागतं, कारण त्याची कक्षा पंधरा अंशांनी कललेली आहे. तिथून कडी छान दिसतात, पण शनी चंद्राच्या चौपटीएवढासुद्धा भरत नाही. आहे की नाही पेच? चित्रकाराला हवा असतो मोठा शनी आणि उघडी कडी. शनीचे मोठे चंद्र त्याला यातलं एकच काहीतरी देतात. पॉलला मात्र यात दोष देऊ नका. त्याची माणसं धूमकेतूवर आहेत, आणि धूमकेतू कुठूनही तिरका येऊ शकतो.

पुढचं बोलण्याआधी एक गोष्ट सांगतो, सगळं व्याख्यान तिच्यावरच उभं आहे. पॉल मूळचे ऑस्ट्रियाचे, शिक्षण वास्तुरचनेचं. बोनस्टेलही वास्तुरचनेतलेच. न्यूयॉर्कच्या क्रायस्लर बिल्डिंगच्या कामात ते होते, सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल बांधून झाल्यावर कसा दिसेल याची चित्रं त्यांनी काढली. नंतर हॉलिवूडमध्ये काचेवर पार्श्वभूमी रंगवण्याचं काम केलं. कॅमेरा कुठे, भिंग कोणतं, मग डोंगर किती उंच रंगवायचा, हा हिशेब तिथं हाताला बसला. पूल अजून उभा नाही, पण उभा राहिल्यावर त्याची सावली पाण्यात कुठं पडेल हे कागदावर दाखवायचं. हे ज्याला जमलं, त्याला शनी अवघड नाही. दोन्ही गोष्टी न पाहिलेल्याच की.

हे बेळगावात सांगताना मला विशेष आनंद होतो, कारण अशा कामाचा मोठा माणूस आपल्या गावात जन्मला. रवी परांजपे, जन्म 1935. के. बी. कुलकर्णी सरांच्या हाताखाली तयार झाले, मुंबईच्या जाहिरात क्षेत्रात गेले, काही काळ नैरोबीत होते. न बांधलेल्या इमारतींची त्यांनी काढलेली रंगचित्रं बघा. काचेत शेजारच्या झाडाचं प्रतिबिंब आहे, पायऱ्यांवर दुपारचं ऊन आहे, आणि प्रत्यक्षात त्या जागी नुसतं माळरान! ते विज्ञानकथेचे चित्रकार होते असं मी मुळीच म्हणत नाही. पण नजर तीच, शिस्त तीच. के. बी. सरांची मुलं निसर्गचित्राला बाहेर पडायची, तेव्हा झाडाच्या बुंध्यावर ऊन कुठं संपतं आणि सावली कुठं सुरू होते ते बघायची. माझं म्हणणं एवढंच की, दुसऱ्या ग्रहाचं चित्र काढणाऱ्याचा अभ्यास इथूनच सुरू होतो. कल्पनाशक्ती वगैरे नंतर.

बोनस्टेल चुकले नाहीत का? चुकले, आणि भरपूर. चंद्रावर हवा-पाणी नाही, म्हणजे डोंगर झिजणार नाहीत, म्हणजे ते सुळक्यांसारखे टोकदार असणार, असा तर्क त्यांनी केला. तर्कात खोट नव्हती. पण अपोलोची माणसं उतरली तेव्हा चंद्राचे डोंगर गोलसर, मऊ निघाले. कोट्यवधी वर्षं बारीक उल्कांचा मारा खाऊन ते झिजले होते. बॉस्टनच्या तारांगणासाठी त्यांनी 1957 साली चंद्रभूमीचं प्रचंड भित्तिचित्र केलं होतं. 1970 साली ते उतरवलं. आता ते स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. टायटनचं आभाळ त्यांनी निळं रंगवलं होतं. 14 जानेवारी 2005 रोजी हायगेन्स यान तिथं उतरलं आणि सगळीकडे नारिंगी धुरकट दिसलं. त्या धुरक्यातून डोळ्यांना शनी दिसणारच नाही. म्हणजे ज्या रेघेचं मी एवढं कौतुक केलं ती टायटनच्या जमिनीवरून दिसतच नाही. तरीही मला ते चित्र खोटं वाटत नाही. 1944 साली जेवढं ठाऊक होतं, तेवढ्याशी ते पूर्ण इमानदार आहे.

प्रत्यक्ष जाऊन आलेले चित्रकारही आहेत. अलेक्सेई लिओनोव्ह, यानाबाहेर पडून अंतराळात तरंगलेला पहिला माणूस, मार्च 1965. हे गृहस्थ रंगीत पेन्सिली बरोबर घेऊन गेले होते आणि यानातूनच त्यांनी सूर्योदय काढला. दुसरे अॅलन बीन, अपोलो 12चे. चंद्रावर चालून आले आणि पुढे नासा सोडून उरलेलं आयुष्य चित्रकलेला दिलं. त्यांची अडचण मजेशीर होती. चंद्र राखाडी. खरं रंगवावं तर चित्र निर्जीव होतं. मग त्यांनी राखाडीत जांभळा, पिवळा, हिरवा मिसळायला सुरुवात केली. जिथं स्वतः उभे होते, तिथले रंग त्यांनी बदलले! आणि बोनस्टेल, जे कधी गेलेच नाहीत, ते मात्र अंश-कोन मोजत बसले.

आता थोडं छापखान्याकडे. मुखपृष्ठ हे अखेर छापायचं चित्र आहे. पॉलचं आभाळ असं भडक पिवळं का? वर्तमानपत्रांच्या दुकानात शंभर मासिकं टांगलेली, त्यातून आपलं उठून दिसायला हवं, आणि छपाई स्वस्तातली. नाजूक छटा टाकून उपयोग काय? आतल्या पानांची तर आणखी वाईट अवस्था. लगद्याचा खरबरीत कागद, शाई पसरायची. व्हर्जिल फिनले नावाच्या चित्रकारानं त्यावर तोड काढली. सगळी छटा निबेच्या ठिपक्यांनी द्यायची. हजारो ठिपके, एकेक सुटा, म्हणजे नुसतं काळं-पांढरं छापणाऱ्या साध्या ठशात, लाइन ब्लॉकमध्येही चित्र स्वच्छ उठतं. मोबदला तुटपुंजा आणि मेहनत सराफाची.

फिनले 1971 साली गेले. त्याच वर्षी आपले चित्रकार दीनानाथ दलाल गेले. दलालांनी 1945 साली ‘दीपावली’ सुरू केला, आणि दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ ही घरात जपून ठेवायची वस्तू झाली. रघुवीर मुळगावकर स्प्रेवर काम करत. त्यांच्या देवदेवतांच्या चेहऱ्यावरची ती गुळगुळीत चकाकी स्प्रेची. तसल्याच एअरब्रशनं पुढे 1970च्या दशकात इंग्लंडमध्ये ख्रिस फॉस यांनी प्रचंड अवकाशयानं रंगवली, पट्ट्यापट्ट्यांची, चौकड्यांची, धुरातून बाहेर येणारी. एकाच हत्यारातून इथं लक्ष्मी आली, तिथं यान आलं. मुळगावकरांना कुणी यान काढायला सांगितलं असतं तर काय बहार आली असती, असं मला नेहमी वाटतं.

माझ्या मताला छेद देणारा एक माणूस आहे, त्याला टाळून चालणार नाही. रिचर्ड पॉवर्स. 1950च्या दशकात अमेरिकेत बॅलंटाइनच्या पुस्तकांना त्यांनी अशी मुखपृष्ठं दिली की त्यात यान नाही, नायक नाही, ओळखू येईल असं जवळजवळ काहीच नाही. वितळल्यासारखे आकार, विचित्र क्षितिज. मोजमाप शून्य, तरी दूर कुठेतरी आल्याची जाणीव पक्की. अशी चित्रं मला आवडतात, पण शिकवता येत नाहीत.

मराठीत काय झालं? विज्ञानकथा आपल्याकडे उशिरा आली असं नाही. अंतरकरांच्या ‘नवल’ मासिकानं अद्भुताची चटक लावली होती, भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हातात दिला होता. शेजारच्या कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत टोपणनावानं उतरले आणि पहिले आले. लेखक होते, वाचक होते. चित्रकार तर रग्गड होते. पण विज्ञानकथेच्या चित्राला वाहिलेला चित्रकार आपल्याकडे तयार झाला नाही. त्याचं कारण मला सरळ व्यवहारात दिसतं. अमेरिकेत दर महिन्याला डझनभर मासिकांना असली चित्रं लागायची. 1953पासून ह्यूगो या विज्ञानकथेच्या पुरस्कारांत चित्रकारासाठी वेगळा पुरस्कार आहे. मायकेल व्हेलन यांनी सगळे मिळून 15 ह्यूगो मिळवले, आणि हा माणूस हस्तलिखित बारकाईनं वाचल्याशिवाय ब्रशला हात लावत नाही म्हणून ओळखला जातो. आपल्याकडे वर्षाकाठी मोजकी पुस्तकं. तेवढ्यावर कुणाचं घर चालणार?

मलाही एकदा एका प्रकाशकानं विज्ञानकथासंग्रहाचं काम दिलं होतं. नाव सांगत नाही. मी कथा वाचायला मागितल्या. ते म्हणाले, “अहो, वाचायचं काय त्यात? एक रॉकेट टाका, मागे चांदण्या टाका.” आजही बघा, दुर्बिणीतून घेतलेला तेजोमेघाचा फोटो, त्यावर चकचकीत अक्षरं, झालं मुखपृष्ठ. कथा मंगळावरची असो की मिरजेची. आतली कथा न वाचता केलेलं मुखपृष्ठ लांबूनच ओळखू येतं. त्यात कुठलीही एक विशिष्ट जागा नसते.

आणि जागा आपल्याकडे कमी आहेत का हो? उद्यमबागेत, आपल्या कारखान्यांच्या वसाहतीत, एकदा वहीपेन्सिल घेऊन जा. फौंड्रीत धातूचा रस ओततात तेव्हा कामगाराच्या चेहऱ्यावर खालून उजेड पडतो. सूर्य खाली आहे असा एखादा ग्रह तुम्हाला काढायचा असेल तर तो उजेड फुकट अभ्यासायला मिळतो. तिकडे हायवेला हत्तरगीजवळ विमानांचे सुटे भाग तयार होतात, परदेशी कंपन्यांच्या विमानांना बसतात. लेथवरून उतरलेला तो भाग कसा चमकतो, कडेला केवढी बारीक चकाकी असते, हे इथली पोरं रोज बघतात. पण यान काढायला सांगितलं की परदेशी सिनेमातलं यान काढतात. आमच्या सीमाभागात कडोलीला, उचगावला, येळ्ळूरला गावोगाव साहित्य संमेलनं भरतात, माणसं वर्गणी काढून भरवतात. पुस्तकांचा मांडव असतो. तिथं एका कडेला मुखपृष्ठांची मूळ चित्रं लावायला फार खर्च येत नाही. आयोजक मंडळी इथं बसली आहेत, म्हणून मुद्दाम बोललो.

मागून एका काकांची चिठ्ठी आली आहे. आता कॉम्प्युटरच चित्र काढतो, मग शिकायचं कशाला? काका, तो आजवरच्या चित्रांवर पोसलेला आहे, आणि आजवरच्या बहुतेक चित्रांत कडी फाकलेलीच आहेत. टायटनवर ती रेघ होतात हे सांगायला माणूस लागणार. पोटापाण्याचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याचं गोड उत्तर माझ्याकडे नाही. मुखपृष्ठाची लहानसहान कामं हातची जायला लागली आहेत.

पुढच्या रांगेतली मुलगी मघापासून हात वर करून बसली आहे. काय गं? ... लोअर ड्रॉइंगच्या परीक्षेला बसली आहेस, आणि शनी काढायचा तर सुरुवात कुठून करू? छान विचारलंस. शनीपासून करू नकोस. आधी तू कुठं उभी आहेस ते ठरव. मिमासवर राहा, तिथं हवा नाही, म्हणजे आभाळ काळं आणि सावल्यांच्या कडा सुरीसारख्या. मग क्षितिजाची रेघ ओढ. मिमास अगदी लहान आहे, व्यास 400 किलोमीटरसुद्धा नाही, तेव्हा क्षितिज जवळ येईल. मग सूर्य कुठल्या बाजूला आहे ते कागदाच्या कोपऱ्यात बाण काढून लिही. तिथं ऊन आपल्या उन्हाच्या नव्वदाव्या हिश्श्याएवढं, पण चांदण्याच्या हजारो पट, तेव्हा दगड नीट दिसतील. सगळ्या दगडांच्या सावल्या त्या बाणाच्या उलट गेल्या की मग शनीचा गोल घे, दोन वितींचा, आणि त्याची उजळ बाजू बाणाकडे आली की नाही ते तपास. कडी सगळ्यात शेवटी, पट्टी लावून, एका रेघेत. आणि हे सगळं पेन्सिलीनं हं, रंगाला घाई नको.