विडीच्या कट्ट्याएवढा अभ्यास

हा खटखट आवाज ऐकताय ना, हा यंत्रमागाचा. सोलापूरच्या पूर्व भागात पोरं याच आवाजात झोपतात, जेवतात, आणि 2020 च्या जूनपासून तर त्यांची शाळा पण याच आवाजात भरायला लागली, मोबाईलवर.

या घरात तेव्हा एकच स्मार्टफोन, वडलांचा. पोरगा चौथीत. आई विड्या वळायची, मांडीवर सूप, शेजारी भिजवलेली पानं, कात्री, दोरा. क्लास सुरू झाला की पाच मिनिटात पोराचा पाय हलायला लागायचा, मग चार्जरच्या वायरीशी खेळ, मग बोळात कोण ओरडलं ते बघायला दारात, आणि परत येऊन बघावं तर स्क्रीनवर गेम. बस की रे एका जागी, बस की, असं आई दिवसभर म्हणायची आणि शेवटी एक धपाटा.

मला यात पोराची चूक वाटत नाही. वर्गात पोरगं फळ्याकडे जातं, पेन्सिलीला टोक करतं, पाणी प्यायला उठतं, शेजारच्याला ढोसतं, म्हणजे अंग हलत राहतं आणि त्यातच डोकं पण चालतं. मोबाईलपुढं हे सगळं गेलं, राहिलं फक्त बघत बसणं. केंद्र सरकारच्या ऑनलाइन शाळेसाठीच्या जुलै 2020 च्या प्रज्ञाता गाइडलाइन्समध्ये पण पहिली ते आठवीसाठी दिवसाला 30 ते 45 मिनिटांची दोनच सेशन्स, त्याहून जास्त नको असं लिहिलंय. मोठ्या माणसाला तरी दोन तास मीटिंग ऐकवते का?

मग या माऊलीनं काय केलं, तर स्वतःच्या कामाचंच घड्याळ केलं. एका कट्ट्यात 25 विड्या. हात चालणारी बाई दिवसात हजार वळते, म्हणजे 40 कट्टे, एकाला पंधराएक मिनिटं लागतात. ती पोराला म्हणाली, माझा हा कट्टा बांधून होईपर्यंत तू गणितं कर, कट्टा झाला की दोघं उठायचं. उठायचं म्हणजे खरंच उठायचं, घागरीतून पाणी आणायचं, जिन्यावरून दोन चकरा, मग पुढचा कट्टा. मोबाईल डब्याला टेकवून एका जागी, नोटिफिकेशन बंद, गेम डिलीट. पाढे उभ्यानं म्हटले तरी चालतील. तंबाखूची धूळ छातीत जाते म्हणून पोराला दाराशी वाऱ्याला बसवायची, हे तिनं आपणहून केलं, तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिले चार दिवस काहीच जमलं नाही. नंतर एक कट्टा, मग दोन. समोर आई पण खाली मान घालून काम करतेय हे दिसत असलं की पोरगं टिकतं, नुसतं अभ्यास कर म्हणून आपण रील बघत बसलो तर ते कशाला टिकेल?

त्याच वर्षी सोलापुरातल्याच निलमनगरात शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर पुस्तकातले धडेच रंगवून घेतले होते, ज्यांच्या घरी स्मार्टफोन नाही त्या पोरांसाठी. जवळजवळ 300 भिंती. इथले बरेच पालक कापड कारखान्यातले कामगार. मला त्यात सगळ्यात भारी काय वाटतं तर पोरगं चालत चालत शिकतं, या भिंतीवर अक्षरं, पुढच्या भिंतीवर गणित, एका जागी बस म्हणायची वेळच येत नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगायचीय. घरात पण, शाळेत पण, सहा महिन्यांहून जास्त पोराचं लक्ष कशातच टिकत नसेल, तर मारू नका, सिव्हिलमध्ये दाखवा. ते वाह्यात नसतं, त्याला मदत लागत असते.

आता शाळा भरते, पण गृहपाठ अजून व्हॉट्सॲपवरच येतो. पोरगा आईपेक्षा उंच झालाय. तिनं सूप मांडीवर घेतलं की तो वही घेऊन दाराशी बसतो, आणि ती दोरा दातात धरून म्हणते, चल, लावू का पहिला?