आकडा थांबलेली गाडी

(डॅशबोर्ड, अगदी जवळून.)

२,८७,४१२. वेगाचा काटा साठवर आहे, बाहेरची झाडं मागे पळताहेत, पण किलोमीटरचा आकडा जागचा हलायला तयार नाही. विकणाऱ्याने चावी हातात देताना सांगितलं होतं, “फारशी चाललेली नाही.” नेमकी किती, ते त्यालाही सांगता आलं नसतं. आकडा त्याच्या काळात थांबला की आधीच्या मालकाच्या, हेसुद्धा कुणाला माहीत नाही.

गाडी व्होल्व्हो २४०, स्टेशन वॅगन, १९८९ सालची. घेतली माझ्या ताईने, आणि घेतली ती रोज चालवायला. रविवारी फडकं मारून उभी करायला नव्हे. कॅमेरा माझा, नखांतलं काळं तिचं.

(गाडी मागून. झाकण वर जातं.)

वॅगनच का, याचं उत्तर या झाकणाखाली आहे. मागची सीट आडवी केली की पुढच्या सीटच्या पाठीपासून थेट बंपरपर्यंत सपाट जागा. उंबरा खाली, त्यामुळे जड सामान उचलावं लागत नाही, कडेवर टेकवून आत सरकवता येतं. उंच गाड्यांत तेच सामान आधी कमरेपर्यंत उचला आणि मग ढकला. ही लांबीला पावणेपाच मीटरच्या पुढे आहे, तरी पुढची चाकं इतकी वळतात की अरुंद गल्लीत ती छोट्या गाडीला लाजवते.

हा सरळ रेषांचा खोका व्होल्व्होचे डिझायनर यान विल्सगार्ड यांनी आखला. १९७४ साली तो आला आणि १९९३ पर्यंत बनत राहिला. सुरुवातीला नावातच सगळा हिशेब होता: २४५ म्हणजे दोनशेची मालिका, चार सिलिंडर, पाच दारं. मागचं झाकण हे पाचवं दार. सगळे प्रकार धरून सुमारे २८ लाख गाड्या बनल्या. ताईच्या दृष्टीने यातलं महत्त्वाचं एवढंच, की एवढ्या गाड्या बनल्या म्हणजे त्यांचे सुटे भागही बनले, आणि ते आजही मिळतात. जुनी गाडी रोज वापरायची असेल तर तिच्या देखणेपणाआधी हे बघावं, असं माझंही मत झालंय.

(फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक चाकाच्या कमानीवरून फिरतंय.)

ही आम्ही पाहिलेली पहिली गाडी. घेतली नाही, पण दाखवण्यासारखी आहे. रंग नवा, चकचकीत. आता चुंबकाकडे बघा. दारावर चिकटलं. कमानीवर चिकटलं. थोडं खाली आलं, आणि गळून पडलं. या जागी पत्रा नाही, लांबी (पुट्टी) आहे. गंज खाऊन गेलेल्या भोकावर लांबी भरून, घासून, वर रंग मारलेला. सोबत आलेले गॅरेजवाले काका ताईला म्हणाले, “बॉनेट नंतर उघडा. आधी खाली झोपा.” ती झोपली. जॅक लावायची जागा बोटाने दाबली तर कुरकुर वाजली.

गंजाला आवडणाऱ्या जागा ठरलेल्या असतात. पुढच्या काचेच्या रबराखाली, बॅटरीच्या ट्रेखाली, मागच्या झाकणाच्या तळाशी, स्पेअर चाकाच्या खड्ड्यात. कुठेही पाणी साचलं आणि निचऱ्याची भोकं पानांनी बुजली की काम सुरू.

(दुसरी गाडी. बॉनेट उघडं.)

ही १९८४ सालची. पत्रा ठणठणीत, आसनं जणू कालच शिवलेली. हिच्यावर ताईचा जीव जडला होता, ते तिच्या चेहऱ्यावर दिसतंय. पण ही वायर बघा. काकांनी ती दोन बोटांत धरून जराशी वाकवली, आणि वरचं आवरण शिळ्या पापुद्र्यासारखं गळून पडलं. आत उघडं तांबं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून साधारण १९८७ पर्यंतच्या २४० गाड्यांत इंजिनच्या वायरिंगचं आवरण उष्णतेने असं भुरभुरीत होतं. सगळा हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, बदलला तर गाडी उत्तम चालते. या गाडीचा कुणी बदलला नव्हता.

तिसरी हीच, आकडा थांबलेली. रंग उडालेला, चालकाच्या सीटची शिवण उसवलेली, छताचं कापड लोंबलेलं. कपाळाला लागत होतं ते. पण खालून पत्रा कोरडा, वायरिंग नंतरच्या काळातलं, आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात बिलांची एक जाडजूड फाइल. आकडा खोटं बोलू शकतो. वीस वर्षांची तेलकट बोटं लागलेली बिलं सहसा बोलत नाहीत.

(इंजिन चालू. ऑइल भरायच्या तोंडावर रबरी हातमोजा.)

हे दृश्य मला फार आवडतं. ऑइलचं झाकण काढून त्या जागी हातमोजा बसवला आहे. मोजा आत ओढला गेला तर ठीक. इथे तो हळूहळू फुगला, पाचही बोटं ताठ झाली आणि गाडीने आम्हाला नमस्कार केला.

अर्थ असा, की इंजिनच्या पोटात दाब साठतोय. पिस्टनच्या कडेने थोडा वायू खाली झिरपतोच. तो एका नळीतून परत इनटेकला, म्हणजे इंजिनात हवा शिरते त्या वाटेला, जातो, आणि त्या वाटेवर प्लॅस्टिकची एक छोटी जाळीदार वाटी असते, फ्लेम ट्रॅप. ती काजळीने बुजली की वायूला वाट उरत नाही आणि तो ऑइल सीलमधून तेल बाहेर ढकलतो. लोक सील बदलत बसतात. सील बदलूनही गळती परत येते, कारण दुखणं वाटीत असतं.

(चिमट्यात धरलेली वाटी. आरपार उजेड दिसत नाही.)

ही ती वाटी. नवी बसवली, नळ्या साफ केल्या. मोजा पुन्हा लावला, तर आत ओढला गेला. इंजिनखालचा तेलाचा डाग चार दिवसांत वाढायचा थांबला.

(लाल दिवा. एकदम जवळून.)

बॉनेटखाली हा काळा डबा आहे. झाकणाखाली एक बटण, एक लाल दिवा आणि शेपटीसारखी छोटी वायर. वायर दोन नंबरच्या भोकात घालायची, चावी फिरवायची, इंजिन सुरू करायचं नाही. बटण सेकंदभर दाबून सोडायचं. आणि दिवा मोजायचा.

दोन. थांबला. एक. थांबला. दोन.

दोन-एक-दोन. लॅम्डा सेन्सरकडून नीट सिग्नल येत नाही. सायलेन्सरच्या पाइपात बसलेला हा सेन्सर धुरात ऑक्सिजन किती उरला ते सांगतो आणि त्यावरून पेट्रोल कमी-जास्त होतं. हा सेन्सर आणि धुरातले विषारी वायू कमी करणारा थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांची जोडी पहिल्यांदा रस्त्यावर आली ती याच मालिकेच्या १९७७ च्या, कॅलिफोर्नियासाठी बनवलेल्या गाड्यांत. आमचा सेन्सर गंजून पाइपात घट्ट बसला होता. रात्रभर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. सकाळी इंजिन थोडं तापवलं आणि पाना लावला. हलला नाही. पान्याच्या दांड्यात पाइप घालून जोर दिला. इथे मी कॅमेरा खाली ठेवून हात लावला, म्हणून पुढचे दहा सेकंद फक्त जमीन दिसते.

नवा बसला. जुनी नोंद पुसायला बटण पाच सेकंद दाबून धरायचं, दिवा लागला की पुन्हा पाच सेकंद. आता मोजा.

एक. एक. एक.

तक्रार नाही. कसलाही स्कॅनर नाही, संगणक नाही. ज्याला बोटांवर मोजता येतं, त्याला ही गाडी आपलं दुखणं सांगते.

(सोल्डरिंग आयर्न. भिंगातून पाहिलेला रिले.)

हा पेट्रोल पंपाचा रिले, म्हणजे विजेने चालणारा छोटा स्विच. पायाभोवती केसाएवढी गोल चीर दिसतेय? या चिरेमुळे गाडी कधी सुरू होते, कधी नुसतीच फिरत राहते. पंप निर्दोष असतो, तरी बिचारा तोच बदलला जातो. आयर्न टेकवलं, सोल्डर वितळलं, चीर बुजली. सगळं काम मागे वाजणाऱ्या या गाण्याएवढ्या वेळात.

(पाऊस. मागचा वायपर अर्ध्यावर थांबलेला.)

आता वॅगनचं खास दुखणं. मागचा भाग सपाट कापलेला असल्यामुळे धावताना तिथे हवेचा भोवरा होतो आणि चाकांनी उडवलेला सगळा चिखल काचेवर बसतो. म्हणून वॅगनला मागे वायपर लागतो. वायपरला वीज लागते, काच तापवणाऱ्या तारांना लागते, नंबर प्लेटच्या दिव्याला लागते. ही सगळी वीज छतातून बिजागरीपाशी येते आणि रबरी नळीतून झाकणात शिरते. झाकण उघडलं की वायर वाकते, मिटलं की सरळ होते. रोज पाच-सहा वेळा, तीसहून जास्त वर्षं.

रबर मागे सारल्यावर पाच वायर दिसल्या. बाहेरून पाचही धडधाकट. ताईने एकेक धरून हलकेच ओढली. तिसरी रबरासारखी लांबली. आवरण शाबूत, आतलं तांबं तुटलेलं. चौथीचंही तेच.

तुटलेलं टोक तिथेच जोडलं तर वर्षभरात पुन्हा तुटतं, कारण जोड कडक असतो आणि वाकायची जागा तीच. म्हणून तिने वाकणारा पूर्ण तुकडा कापून टाकला आणि सिलिकॉनच्या आवरणाची, बारीक तारांची मऊ वायर घातली. एक जोड छताच्या आत, दुसरा झाकणाच्या आत, बिजागरीपासून दोन्हीकडे लांब. या कामाला अख्खा शनिवार गेला. रबरी नळीत पाच वायर ओवताना ताई जे बोलली, ते निवेदनाखाली दाबलं आहे.

(वायपर काच पुसतो. मागचा रस्ता दिसतो.)

(रात्र. मल्टिमीटर.)

बॅटरीपाशी १३.८ व्होल्ट. हेडलाइटच्या बल्बपाशी १२.१. मधले कुठे गेले? जुन्या स्विचमध्ये, बारीक वायरमध्ये, काळवंडलेल्या जोडांत. नुकसान वाटतं त्याहून मोठं असतं, कारण व्होल्टेज थोडं पडलं की बल्बचा उजेड खूप पडतो. दहा टक्के व्होल्टेज कमी झालं तर उजेड जवळपास तीस टक्के घटतो. इथे एक तृतीयांशाहून जास्त उजेड वाटेतच मरत होता. ताईने बॅटरीपासून जाड वायर ओढली, मध्ये फ्यूज आणि दोन रिले टाकले, स्विचकडे फक्त रिले हलवायचं काम ठेवलं. बल्ब तेच, काच तीच. डावीकडे आधीची भिंत, उजवीकडे नंतरची.

(टायरच्या बाजूवरचे आकडे.)

२३०९. म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर होती आणि विकणाऱ्याने ‘टायर जवळजवळ नवे’ असं सांगितलं होतं. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. चारही बदलले.

ब्रेकचं काम गॅरेजमध्ये झालं, तिथलं चित्रीकरण माझ्याकडे नाही. चारही चाकांना डिस्क, रबरी होज नवे, जुनं ब्रेक ऑइल काढून नवं भरलं. मागचा अ‍ॅक्सल धरणाऱ्या दांड्यांचे (ट्रेलिंग आर्मचे) रबरी बुशही त्याच दिवशी बदलले, कारण टॉमी (छोटी पहार) घातल्यावर ते लोण्यासारखे सरकत होते. इंजिनचे वॉल्व्ह वेळेवर उघडवणारा पट्टा, टायमिंग बेल्ट, कधी बदलला याचं बिल फाइलमध्ये सापडलं नाही, म्हणून तोही. या इंजिनात बेल्ट तुटला तरी वॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळत नाहीत. गाडी फक्त असेल तिथे थांबते. रोज वापरणाऱ्याला तेवढंही नको असतं.

मित्रांनी सुचवलं, मोठी चाकं घाल, आखूड स्प्रिंग घालून गाडी खाली बसव, टर्बो घाल. सामान भरलं की वॅगन आपोआप खाली बसते, त्यासाठी वेगळे पैसे कशाला?

पेट्रोल ती शंभर किलोमीटरला दहा-अकरा लिटर पिते आणि एअरबॅग एकही नाही. ते ताईला मान्य आहे.

(डॅशबोर्डचं पॅनल सुटतं. मिटर बाहेर येतो.)

शेवटचं काम तिने मुद्दाम मागे ठेवलं होतं. मिटरच्या पाठीमागे, करंगळीच्या नखाएवढी ही दातेरी चकती. प्लॅस्टिकची. सात-आठ दात भुगा होऊन तळाशी पडले आहेत. वेगाच्या काट्याची यंत्रणा वेगळी, म्हणून काटा चालत राहिला आणि आकडा थांबला.

नवी चकती चिमट्याने बसवली. पहिल्यांदा हातातून निसटून सीटखाली गेली, तो वेळ कापून टाकलाय. ताईने आकड्याला हात लावला नाही. मागे नेला नाही, पुढेही नाही.

(सकाळ. गाडी रस्त्यावर. पुन्हा डॅशबोर्ड, जवळून.)

ताई विचारते, “बघ हं. हलतोय का?”

दोनाचा डोक्याकडचा भाग वर सरकतोय. खालून तीन डोकावतोय.

२,८७,४१३.