तपास कुठे थांबला?

(पार्ल्यातील एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

लंडनच्या व्हाइटचॅपल भागात आजही संध्याकाळी माणसांचे घोळके फिरताना दिसतात. पुढे एक गाइड, मागे पैसे मोजून आलेले पर्यटक. १८८८ साली ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात जिथे पाच बायकांचे खून झाले, त्या जागा त्यांना बघायच्या असतात. त्या पाचजणींची नावं इथे कोणाला सांगता येतील? मेरी अ‍ॅन निकोल्स, अ‍ॅनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरीन एडोज, मेरी जेन केली. खुन्याचं नाव मात्र शाळेतलं पोरही सांगेल. आणि गंमत म्हणजे ते त्याचं नाव नव्हेच! त्या सप्टेंबरात एका वृत्तसंस्थेच्या हाती लाल शाईत लिहिलेलं एक पत्र पडलं, खाली सही ‘जॅक द रिपर’. हे पत्र कुणा पत्रकारानेच रचलं असावं, असं पुढे बड्या पोलीस अधिकाऱ्यांचंही मत झालं. म्हणजे माणूस काही सापडला नाही, पण त्याला नाव मिळालं, सही मिळाली, वर थोडा खवचट स्वभावही मिळाला.

आजच्या भाषणाच्या फलकावर ‘खुनांचं गूढ’ असं लिहिलंय म्हणून हॉल भरलाय, याची मला कल्पना आहे. नुसतं ‘इतिहास’ लिहिलं असतं तर पुढच्या तीन रांगा पुरल्या असत्या. (हशा) तक्रार नाही, मीही त्याच वेडातला. पण हे वेड का लागतं, याचं नेहमीचं उत्तर मला अर्धवट वाटतं. म्हणे माणसाला कोडं सोडवायला आवडतं. आवडतं, कबूल. त्याहून जास्त आवडतं ते न्यायाधीश व्हायला. घरबसल्या निकाल द्यायचा, आणि निकाल चुकला तरी कोणी फासावर जात नाही! या नादात एक प्रश्न मात्र राहून जातो. खून कोणी केला हे आपण शंभर वेळा विचारतो. तपास कुठवर आला आणि तिथेच का थांबला, हे फारसं कोणी विचारत नाही.

आपल्याच मुंबईचं बघा. १२ जानेवारी १९२५. संध्याकाळची वेळ, मलबार हिल. अब्दुल कादर बावला हा पंचविशीतला श्रीमंत व्यापारी मोटारीतून फिरायला निघालाय, शेजारी मुमताज बेगम. ही इंदूरच्या दरबारातली नर्तकी, महाराज तुकोजीराव होळकरांच्या मर्जीतली, तिथून निसटून मुंबईला आलेली. मागून दुसरी मोटार येते, धडक देते, आतली माणसं उतरतात. बावलाला गोळ्या घालतात, मुमताजला बाहेर खेचतात, तिच्या तोंडावर सुरीचे वार करतात. पुढे जे घडलं ते नाटकात घातलं तर लेखकाला आपण हसू. गोल्फ खेळून परतणारे काही ब्रिटिश लष्करी अधिकारी रस्ता चुकून नेमके तिथे येतात. त्यांतला लेफ्टनंट सेगर्ट हातात गोल्फची काठी घेऊन पिस्तूलवाल्यांवर धावून जातो. स्वतः गोळी खातो, पण मुमताज वाचते आणि एकजण जागीच पकडला जातो.

ते गोरे साहेब रस्ता चुकले नसते तर? मुमताज मोटारीत कोंबून इंदूरला गेली असती आणि बावलाचा खून आज ‘न उलगडलेल्या’ खुनांच्या यादीत असता. मग आपण त्यावर चवीने बोललो असतो.

खटला हायकोर्टात चालला. आरोपींपैकी एकाच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे होते. फाशीच्या शिक्षा झाल्या, जन्मठेपी झाल्या. मारेकरी इंदूर संस्थानाशी जोडलेले होते. हे कोर्टात आलं, वर्तमानपत्रांत आलं, गिरगावातल्या चाळींच्या गॅलऱ्यांतही आलं असणारच. मग हुकूम कोणाचा? तो प्रश्न कोर्टापुढे आलाच नाही. सरकारने महाराजांपुढे दोन वाटा ठेवल्या, चौकशी आयोगाला सामोरे जा किंवा गादी सोडा. २६ फेब्रुवारी १९२६ ला तुकोजीरावांनी गादी सोडली, मुलगा गादीवर आला आणि चौकशी बारगळली. आज कोणी बावला प्रकरणाला गूढ म्हटलं की मला हसू येतं. तपास एका दरवाज्यापर्यंत गेला आणि दरवाजा न उघडण्याचं ठरलं. यात गूढ ते काय?

राजाबाई टॉवरचं प्रकरण निराळं आहे. २५ एप्रिल १८९१ ला दोन पारशी तरुणी त्या टॉवरवरून खाली पडून मेल्या. ढकललं की त्यांनीच उड्या टाकल्या? एकावर खटला भरला गेला, खुनाचा आरोप टिकला नाही. पुढे ‘अब्रू वाचवायला उडी मारली’ ही गोष्ट रूढ झाली. सभ्य घरांत सांगायला ती सोयीची होती.

आता दुसरं टोक. १९८५ नंतरची एक-दोन वर्षं, सायन आणि किंग्ज सर्कल. फुटपाथवर एकटा झोपलेला माणूस, कोणीतरी रात्री मोठा दगड उचलून डोक्यात घालतो. असे बारा खून त्या एकाच इसमाच्या नावावर धरले जातात. मेलेले कचरा वेचणारे, बेघर. कित्येकांची ओळखही पटली नाही. हे खून एकाच हाताचे आहेत हे लक्षात यायलाच वेळ गेला, कारण पोलीस ठाण्यात येऊन ‘माझा माणूस कुठाय’ असं विचारणारं कोणी नव्हतं. १९८९ मध्ये कलकत्त्यात तसेच तेरा खून पडले, तिथल्या वर्तमानपत्रांनी ‘स्टोनमॅन’ हे नाव दिलं आणि मग मुंबईचे बारा खून लोकांना आठवले. दोन्हीकडचा माणूस एकच होता का, हे आजवर सिद्ध झालेलं नाही. मलबार हिलवर तपास वरच्या दारात अडला. इथे तो सुरू व्हायलाच कोणाची निकड नव्हती.

(श्रोत्यांतून प्रश्न: मग नारायणरावाच्या खुनाचं काय? ‘ध’ चा ‘मा’ आनंदीबाईनेच केला ना?)

वाटलंच होतं. पार्ल्यात हा प्रश्न येणार नाही तर कुठे? तसा तुमचा-माझा त्या खुनाशी संबंधही आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या पेशव्याला गारद्यांनी मारलं. गादीसाठी राघोबादादा इंग्रजांच्या दाराशी गेले. त्या धामधुमीत १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणं घेतलं आणि साष्टी त्यांच्या घशात गेली. वांद्र्यापासून दहिसरपर्यंतची सगळी उपनगरं साष्टीतच येतात. हा हॉलसुद्धा.

तर आनंदीबाई. ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं म्हणतात. ज्या कागदावरून हा वाद चालतो, तो मूळ कागद समोर ठेवून मात्र कोणी वाद घालत नाही. याउलट रामशास्त्र्यांची चौकशी झाली होती. त्यांनी राघोबांना दोषी ठरवलं, देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. म्हणजे निकाल लागलेला होता. अंमल करायची ताकद कोणात नव्हती, कारण दोषी माणूसच तेव्हा पेशवा होऊन बसला होता. आणि अडीचशे वर्षं आपण त्या निकालाकडे पाठ करून त्याच्या बायकोचं अक्षर तपासत बसलोय.