खिडकीभोवतीची फट

(दृश्य: मे महिन्यातली सकाळ. चिऱ्याच्या नव्या घराची पश्चिमेकडची भिंत.)

रत्नागिरी जिल्ह्यातलं हे नवं घर. भिंती चिऱ्याच्या, वर स्लॅब, बाहेरून गिलावा. गिलाव्याचं काम मार्चमध्ये संपलं, खिडक्या परवा बसल्या. जवळून पाहिलं की ॲल्युमिनियमची चौकट आणि गिलावा यांच्यात पेन्सिल शिरेल एवढी फट दिसते. आत उभं राहिलं तर तिच्यातून उन्हाची रेघ येते.

जिथून ऊन येतं, तिथून जूनमध्ये पाणी येणार. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो सरळ पडत नाही. समुद्रावरच्या वाऱ्याबरोबर आडवी झड येते आणि छज्ज्याखालून थेट चौकटीवर आपटते.

(दृश्य: शेजारचं जुनं कौलारू घर.)

जुन्या घरात पाणी खिडकीपर्यंत पोहोचूच द्यायचे नाहीत. वळचण भिंतीच्या बरीच पुढे काढलेली, खिडक्या लहान, आणि पावसाआधी झावळ्यांचे झाप बांधलेले. नव्या घरात काचा मोठ्या झाल्या, वळचण गेली, छज्जा दीड फुटाचा उरला. वळचणीचं काम आता एका बारीक रेघेवर येऊन पडलं आहे.

आणि या रेघेला धनी नाही. गवंडी गिलावा करून गेला. ॲल्युमिनियमवाल्याचं काम चौकट पक्की झाली की संपतं. शेवटी येतो रंगारी. त्याला फट दिसते, तो ती पुट्टीने बुजवतो आणि वरून रंग मारतो. त्या दिवशी ते सुंदर दिसतं, पण पुट्टी ताणली जात नाही. दीड मीटरची ॲल्युमिनियमची चौकट ३० अंशांच्या फरकाने सुमारे एक मिलिमीटर वाढते, गिलावा त्याच्या निम्म्यानेच. रोजच्या या ओढाताणीत पुट्टीला केसाएवढी भेग पडते. भेग बारीक म्हणून निर्धास्त राहू नये. बारीक भेग पाणी स्वतःहून आत ओढून घेते.

(दृश्य: मिस्त्री कटरने फटीतली पुट्टी खरवडतो आहे. ब्रशने धूळ झाडतो.)

इथेही दोन खिडक्यांना पुट्टी भरून झाली होती. मिस्त्री ती सगळी काढतो आहे. आता तिच्या जागी सीलंट, म्हणजे रबरासारखं ताणलं जाणारं भरण, येणार आहे. ते पुट्टीला चिकटलं, तर पुट्टी सुटेल तेव्हा तेही सुटेल. मग तो फटीत फोमची गोल दोरी दाबून बसवतो. सीलंट चौकटीला आणि गिलाव्याला, अशा दोनच बाजूंना धरायला हवं. मागेही चिकटलं तर त्याला ताणायला जागा उरत नाही आणि ते फाटतं. फट दहा मिलिमीटर रुंद असेल, तर सीलंटची खोली पाच.

सीलंटची नळी कोणती घ्यायची, इथे बरेच जण चुकतात. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकॉन काचेला चालतं, पण त्यातलं आम्ल सिमेंटमधल्या चुन्याशी भिडतं आणि पकड सुटते. शिवाय कुठलंही साधं सिलिकॉन रंग धरत नाही. रंगाचे पापुद्रे निघतात. म्हणून इथे पॉलियुरेथेन या दुसऱ्या प्रकारचं सीलंट निवडलं आहे. ते उन्हाने खराब होतं, पण त्यावर रंग बसतो आणि तो रंगच त्याला उन्हापासून राखतो.

(दृश्य: दोन्ही कडांना चिकटपट्टी. गनमधून एकसंध रेघ. प्लॅस्टिकच्या पट्टीने ती दाबून घेतो.)

चिकटपट्टी सीलंट ओलं असतानाच काढायची, नाहीतर कड उचलली जाते. घराच्या काकू विचारतात, “उद्या रंग होईल ना?” मिस्त्री म्हणतो, “दोन-तीन दिवस थांबा काकू. हे दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच सुकतं.” गिलाव्याला २८ दिवस उलटून गेलेत आणि प्रायमर लागला आहे. सीलंट सुकलं की बाहेरच्या रंगाचे दोन हात.

खालच्या कडेकडे नीट पाहा. काचा ज्यात सरकतात त्या ट्रॅकच्या बाहेरच्या अंगाला छोटी भोकं आहेत. ट्रॅकमध्ये साचलेलं पाणी तिथून बाहेर जातं. पाणी आत येईल या भीतीने अनेक घरांत हीच भोकं सीलंटने बुजवतात, आणि मग ट्रॅक भरून पाणी खोलीत उतरतं. ती उघडीच ठेवायची. खिडकीखालच्या ग्रॅनाइटच्या पट्टीला बाहेर उतार हवा आणि तिच्या खाली एक खाच, म्हणजे थेंब भिंतीवर न ओघळता तिथूनच सुटतो.

(दृश्य: चार दिवसांनी. रंग झालेली भिंत. बागेचा पाइप.)

पावसाची वाट न पाहता मिस्त्री पाणी मारतो. आधी खालची कड, मग बाजू, शेवटी वरची. आत काकू कडेला वर्तमानपत्र धरून बसल्या आहेत. पाच खिडक्या कोरड्या. स्वयंपाकघरातल्या खिडकीशी, डाव्या कोपऱ्यात, कागदाला ओल येते.

मिस्त्री पाइप बंद करतो आणि पुन्हा कटर हातात घेतो.