रेंजबाहेरचा बाक

(सिडकोतल्या एका महिला मंडळात केलेलं भाषण, थोडी काटछाट करून.)

माझी ओळख करून देताना ताई 'नेमबाज' म्हणाल्या, तेव्हा मागे बसलेल्या दोघी हसल्या. मी पाहिलं बरं का! दोघी माझ्याच दुकानातून झेरॉक्स नेतात. पण त्यांचं काही चुकलं नाही. रायफल हातात घेतली तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते आणि दुकानातल्या स्टेपलरपलीकडे कसलाही घोडा दाबलेला नव्हता.

खरं तर नेमबाजीच्या रेंजवर मुलगी जात होती, सातवीत असताना. मी नेण्या-आणण्यापुरती. रेंजबाहेर एक लोखंडी बाक आहे. त्या बाकावर मी आठ महिने बसले. भाजी निवडली, दुकानाचे हिशेब केले, दोन स्वेटर विणले. एक दिवस तिला शिकवणारे सर बाहेर आले नि म्हणाले, "काकू, तुम्ही का नाही येत आत?" मी म्हटलं, "माझं काय वय आहे का आता?" ते काही न बोलता आत गेले. घरी येईपर्यंत मात्र माझंच उत्तर मला टोचत राहिलं, कारण ते खोटं होतं.

वयाचं कारण या खेळात टिकत नाही. ऑस्कर स्वान नावाच्या स्वीडनच्या गृहस्थांनी 1920 च्या ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं रौप्यपदक घेतलं, तेव्हा ते 72 वर्षांचे होते. ते लांबचे वाटत असतील तर कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत घ्या. 2010 मध्ये म्युनिकला त्या जगज्जेत्या झाल्या आणि तरी पहिलं ऑलिंपिक खेळल्या ते टोकियोला, वयाच्या चाळिशीत.

मग भीती बंदुकीची होती का? तीही नाही. आपण नाशिककर. देवळालीला तोफखाना, त्र्यंबक रोडला पोलीस अकादमी. कालिकेच्या यात्रेत फुगे तर आपण सगळ्यांनीच फोडलेत. लायसन्सचं म्हणाल, तर 4.5 मिलिमीटरची, वीस ज्यूलच्या आतली एअर रायफल असेल तर शस्त्रपरवाना लागत नाही. आवाज म्हणाल, तर टप्. कुकरची शिट्टी त्याहून मोठी. आणि सुरुवातीला रायफल विकत घ्यायचीच नसते, क्लबची वापरायची. बाहेरून आलेल्या चांगल्या रायफलची किंमत ऐकलीत तर तुम्ही इथून थेट घरी जाल.

खरं कारण सांगते. आत आठवी-नववीतल्या पोरी उभ्या होत्या, आणि त्यांच्यासमोर मला ढ ठरायचं नव्हतं. इतकंच.

शेवटी एका रविवारी गेले आत. आधी जॅकेट चढवलं. ते कॅनव्हासचं, पुठ्ठ्यासारखं ताठ. पुढची बटणं लागेनात. दोघी पोरींनी ओढून लावली. मग चालताना मी अशी दिसत होते, जणू कुणी कपाटालाच पाय लावलेत. मग रायफल. नियमाने ती जास्तीत जास्त साडेपाच किलोची असू शकते. क्लबची त्याहून थोडी हलकी असेल, पण मला गव्हाचं पोतं उचलल्यासारखं झालं. सर म्हणाले, "हाताने उचलू नका. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेका." ते माझ्या डोक्यात शिरेना. तेव्हा शेजारची एक मुलगी म्हणाली, "काकू, बाळाला कडेवर घेता ना, तसं." आणि जमलं! कंबर एका बाजूला काढायची, भार हाडावर सोडायचा, स्नायूंना सुट्टी द्यायची. ज्यांनी पोरं कडेवर घेऊन भाकऱ्या भाजल्यात, त्यांना ही पोझिशन शिकवावी लागत नाही. माझं बाळंतपण इतक्या वर्षांनी असं उपयोगी पडलं.

यात्रेतली एक सवय मात्र मोडावी लागते. तिथे आपण एक डोळा घट्ट मिटतो. इथे दोन्ही उघडे ठेवायचे, कारण एक मिटला की दुसऱ्यावरही ताण येतो. डाव्या डोळ्यापुढे छोटीशी पट्टी असते. उजव्याने बारीक भोकातून बघायचं: एक कडी, तिच्या आत समोरची कडी, तिच्या आत काळा ठिपका.

आणि तो ठिपका नाचतो! माझा तर नागपंचमीच्या नागासारखा डोलत होता. मी रायफल खाली ठेवली आणि म्हटलं, "सर, माझा हात थरथरतो, हा खेळ माझा नाही." सर म्हणाले, "माझाही थरथरतो." मला वाटलं, समजूत काढतायत. पण ते खरं आहे. श्वास आहे, नाडी आहे, उभं शरीर सतत थोडं झुलतंच. वर्षानुवर्षं सराव केलेल्याचं झुलणं लहान होतं, पण जात नाही. शिकायचं ते एवढंच, की ठिपका मधून जात असताना बोटाने घोडा असा हलका मागे घ्यायचा की रायफलला पत्ता लागू नये. 'आत्ता!' म्हणून दाबलात की गेलंच. आणि छर्रा सुटल्यावरही क्षणभर तसंच उभं राहायचं, कुठे लागला ते बघायला मान उचलायची नाही. हे मला अजून धड जमत नाही. दुकानदार बाई मी, कोण आलं ते बघायला मान आपोआप वर होते.

आता निशाणा किती मोठा, तर दहा मीटरवर सगळं टार्गेट मिळून साडेचार सेंटिमीटर. त्यातला दहा गुणांचा ठिपका 0.5 मिलिमीटर. माझ्या दुकानात पॉइंट फाइव्हच्या पेन्सिलीतलं शिसं मिळतं ना? त्याच्या टोकाएवढा. हे ऐकून बायका म्हणतात, मग कसं लागणार! अहो, छर्रा साडेचार मिलिमीटरचा असतो, त्याची कड त्या ठिपक्याला टेकली तरी दहा.

माझ्या पहिल्या दहा छऱ्यांतले दोन टार्गेटच्या कागदाबाहेर गेले. उरलेले आठ डावीकडे खाली, एकाच ठिकाणी दाटीवाटीने. मी खजील. सर खूश! म्हणाले, एका जागी लागताहेत म्हणजे तुम्ही दर वेळी तेच करताय. साइटचे, म्हणजे नेम धरायच्या त्या भोकाचे, चार क्लिक फिरवले की तो गठ्ठा मध्ये येतो. जे छर्रे चहूकडे पांगतात, त्यांना कुठला क्लिक आणणार?

पहिल्या स्पर्धेचं तर काय सांगू. अकरावा छर्रा मी शेजारच्या लेनवर मारला. शेजारी नववीतली पोर. बघते तर तिच्या कागदावर दोन भोकं. हळूच म्हणाली, "काकू, माझ्यावर मारलीत." नियमाप्रमाणे मला शून्य. जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं.

त्या रात्री मुलीने मला मॅथ्यू एमन्सची गोष्ट सांगितली. 2004, अथेन्स ऑलिंपिक, पन्नास मीटर थ्री पोझिशन, म्हणजे गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून मारायचा प्रकार. हा अमेरिकन गडी पुढे होता. शेवटची एक गोळी, साधारण लागली असती तरी सुवर्ण. त्याची लेन दुसरी, त्याने मारली तिसऱ्या लेनच्या टार्गेटवर. शून्य. पहिल्यावरून थेट आठवा. त्याचं सांत्वन करायला चेक संघातली नेमबाज कातेरीना कुर्कोव्हा आली, आणि 2007 मध्ये दोघांनी लग्न केलं! माझ्या मिस्टरांनी हे ऐकून विचारलं, "तुझ्या शेजारी नक्की नववीतलीच पोर होती ना?"

त्याच प्रकारात 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंनी कांस्य आणलं. रेल्वेत तिकीट तपासनीस होते ते. पण त्यांचं उदाहरण मी तुम्हाला देणार नाही. पदकवाल्यांची उदाहरणं ऐकून माणूस टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. मी बाकावर असताना माझंही तेच झालं होतं. बाकावरून मला आत आणलं ते एका गोष्टीने: काचेतून बघत असताना लक्षात आलं की आत कुणी कुणाकडे बघतच नाहीये. प्रत्येकीचा डोळा आपापल्या भोकाला. ज्या पोरींना मी घाबरत होते, त्यांना दहा मिनिटांनी मी तिथे आहे हेही आठवत नव्हतं.

मुलीने दहावीनंतर रायफल सोडली. तिला आता चित्रकला हवी आहे. ती मला रविवारी न्यायला येते आणि त्याच बाकावर मोबाइल बघत बसते.

कुणाला यायचं असेल तर सपाट तळाचे बूट घाला, बांगड्या काढून ठेवा, ओढणी नको. नखांचं पॉलिश चालतं, एकीने मघाशी विचारलं होतं. आणि एक मात्र ऐका, सकाळी मिसळ खाऊन येऊ नका. पोट जड असलं नि वर दोन कटिंग झाले असले, की नाडीचा ठोका न् ठोका त्या कडीत दिसतो. मिसळ परतताना. मी बसते तुमच्याबरोबर.