पुडीवर बॅच नंबर नसतो

श्रोतेहो, नमस्कार. परळला माझं औषधांचं दुकान आहे. गोळ्यांची कुठलीही स्ट्रिप उलटी करून बघा. औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, बॅच नंबर, मुदत, बनवणाऱ्याचा परवाना, एवढं सगळं तेवढ्याशा जागेत बारीक अक्षरांत छापलेलं असतं. काही गडबड निघाली तर ती बॅच बाजारातून परत मागवता येते.

आता एमडी म्हणजे मेफेड्रोन, किंवा गर्द म्हणजे ब्राउन शुगर, अशा नावाने नशेची जी पुडी विकली जाते, तिच्यावर काय असतं? विकणारा पोरगा सांगेल तेच लेबल! आणि त्याला तरी कुठे ठाऊक असतं? माल हातोहात फिरतो आणि वजन वाढवायला वाटेत कोण काय मिसळेल, त्याचा नेम नाही. ‘आपला नेहमीचा माणूस आहे, प्युअर देतो,’ असं मुलं म्हणतात. माणूस नेहमीचा असेल हो, माल नेहमीचा कशावरून?

कोकेनमध्ये लेव्हॅमिसोल सापडलेलं आहे. हे जनावरांना जंतांसाठी देतात. माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याने घटू शकतात. एक्स्टसी या पार्टीतल्या नशेच्या गोळीच्या नावाखाली पीएमएमए हे दुसरंच रसायन विकलं गेलंय. ते उशिरा चढतं. मग ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसरी गोळी घेतली जाते, दोन्ही एकदम भिनतात आणि अंगाचा ताप जिवावर बेतेल इतका वाढतो.

फेंटानिलचं तर विचारूच नका. ऑपरेशनच्या वेळी वापरायचं हे वेदनाशामक मॉर्फिनच्या 50 ते 100 पट तीव्र. डॉक्टर ते मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. असलं तीव्र द्रव्य भुकटीत सारखं मिसळायला कारखान्यात यंत्रं लागतात, मिश्रणाचे नमुने तपासावे लागतात. चोरट्या धंद्यात हे कोण करणार? घाईच्या उपम्यात मिठाचा खडा एखाद्याच घासात यावा, तसं होतं. म्हणून एकाच पुडीतून दोघांनी घेतलं, एकाला काही झालं नाही आणि दुसऱ्याचा श्वास थांबला, असं घडू शकतं. 2022 साली ब्यूनोस आयर्सजवळ भेसळीच्या कोकेनने वीसहून जास्त माणसं गेली. त्यात कारफेंटानिल निघालं, म्हणजे हत्तींसारख्या मोठ्या जनावरांना बेशुद्ध करायचं औषध.

लांबचं कशाला, मालाडचं मालवणी आठवा. जून 2015. गावठी दारू म्हणून प्यायलेल्यात मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल होतं, शंभरावर माणसं दगावली. मिथेनॉल लगेच कळत नाही. शरीरात त्याचं फॉर्मिक अॅसिड व्हायला तास जातात, मग दिसायला अंधुक होतं, पोट दुखतं, धाप लागते. साधा हँगओव्हर समजून माणूस झोपून राहतो आणि उपचाराची वेळ निघून जाते.

तेव्हा कुणी बेशुद्ध पडलं, ओठ निळे पडले, श्वास घोरल्यासारखा किंवा तुटक येऊ लागला, तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणू नका. 108ला फोन लावा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, तोंडात पाणी ओतू नका, एकटं सोडू नका. पोलिसांच्या भीतीने डॉक्टरांपासून लपवाछपवी नको. गर्द, फेंटानिल या जातीतल्या नशेवर नॅलोक्सोन हा उतारा आहे, मिथेनॉलचा उपचार निराळा. काय घेतलं, किती वाजता घेतलं, सोबत दारू होती का, तेही सांगा. आणि उरलेली पुडी, गोळी किंवा बाटली गटारात न टाकता पेशंटबरोबर कॅज्युअल्टीत न्या. व्यसन सोडवायला मदत हवी असेल तर 14446 हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत.